इफ्तारची पंधरा मिनिटे

गेल्या वर्षीच्या मार्च महिन्याची 3 तारीख, सोमवार, संध्याकाळचे सहा. जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या एका होस्टेलचे रिसेप्शन. काउंटरसमोरच्या रांगेत एक समुद्री चाचा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या दोन मधमाश्या, ननच्या वेषातला दाढीवाला तरुण आणि पाठीला प्लास्टिकची ढाल अडकवलेला रोमन सैनिक. सगळ्यांना खोलीची कार्डे हवीत, चादरी हव्यात, आणि बहुतेकांना काउंटरखालच्या फ्रिजमधली बिअर हवी आहे. काउंटरमागे उभा आहे चिपळूणचा बावीस वर्षांचा मुलगा. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली ‘शिकाऊ’ असे छापलेले. त्याचा तिसरा रोजा. शर्टाच्या खिशात कागदी रुमालात गुंडाळलेले तीन खजूर. सूर्यास्ताला वीस मिनिटे बाकी, आणि रांग दारापर्यंत गेलेली.

हा दिवस कोलोनचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस, रोझनमोंटाग, म्हणजे कार्निव्हलचा सोमवार. शहरातून काही तास मिरवणूक चालते, रथांवरून चॉकलेटे आणि गोळ्या उधळल्या जातात, लाखो माणसे सोंगे घेऊन रस्त्यावर असतात. मंगळवारी रात्री दारूच्या गुत्त्यांसमोर ‘नुब्बेल’ नावाचा पेंढ्याचा पुतळा जाळतात. कार्निव्हलमध्ये ज्याने जे काही केले त्याचा सगळा दोष त्या पुतळ्यावर ढकलायचा आणि त्याला आग लावून मोकळे व्हायचे. सोबतच्या मुलांना हे सगळे समजावून सांगावे लागले. चिपळूणच्या मुलाला नाही. शिमगा पाहून वाढलेल्या माणसाला सोंगे काय, बोंब काय आणि होळी काय, नव्याने कशाला सांगावी लागते? ‘आमच्याकडे हे अजून दहा दिवसांनी आहे,’ एवढेच तो म्हणाला. ते खरेच होते. गेल्या वर्षी होळी 13 मार्चला होती.

नाव छापायला त्याची हरकत आहे. ती का, ते पुढे येईलच.

तो जर्मनीत पोहोचला त्याची सुरुवात 22 जुलै 2021 च्या पहाटेपासून होते. वाशिष्ठीचे पाणी त्या दिवशी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि पहिला मजला गाठूनच थांबले. त्याच्या वडिलांचे कापडाचे दुकान त्यात गेले. बकरी ईद आदल्याच दिवशी झालेली होती. गणपतीच्या हंगामासाठी उधारीवर भरलेला माल तसाच गठ्ठ्यांत होता. ज्यांनी त्या वेळचा चिखल पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. मुलगा तेव्हा नुकताच बारावी झाला होता. बीकॉमचे एक वर्ष करून तो पुण्याला आला, दिवसा एका दुकानात हिशेब लिहू लागला आणि संध्याकाळी जर्मन शिकू लागला. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हा तिकडच्या हॉटेलांत माणसे कमी पडतात, हे वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचले. याची तयारी त्याआधीपासून चालू होती आणि वाटही वेगळी होती. तो स्वतः अर्ज करत राहिला. सत्तरएक अर्जांनंतर एका होस्टेलने व्हिडिओवर मुलाखत घेतली आणि ऑगस्ट 2024 मध्ये तो कोलोनला उतरला.

आपल्याकडे होस्टेल म्हटले की विद्यार्थ्यांचे वसतिगृह डोळ्यांसमोर येते. तिकडे ते प्रवाशांचे स्वस्तातले मुक्कामाचे ठिकाण. चार, सहा, आठ खाटांच्या खोल्या, आणि भाडे खाटेमागे. ही कल्पना जर्मनीचीच आणि कोलोनपासून फार लांबची नाही. रिखार्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर 1909 च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळाने गाठले. रात्र काढायला एका गावच्या शाळेची खोली मिळाली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग चालत जाणाऱ्या मुलांसाठी अशा जागा गावोगावी का असू नयेत, हा विचार त्या रात्री त्यांच्या मनात आला. पहिल्या महायुद्धाच्या आधी अल्टेना गावच्या किल्ल्यात त्यांनी कायमचे होस्टेल सुरू केले. आज जगभर जी युथ होस्टेले आहेत त्यांचे मूळ तिथे आहे.

शिक्षणाच्या या पद्धतीला जर्मन भाषेत ‘आउसबिल्डुंग’ म्हणतात. हॉटेल व्यवसायासाठी ती तीन वर्षांची असते. आठवड्यातले काही दिवस कामावर, काही व्यवसाय शाळेत, आणि शेवटी उद्योग व्यापार मंडळाची परीक्षा. शिकणाऱ्याला दरमहा भत्ता मिळतो. 2024 मध्ये सुरुवात करणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षी कायद्याने किमान 649 युरो ठरवलेले होते. याला करारानुसार त्याहून जास्त मिळतात. पण विमा वजा झाला, खोलीचे भाडे दिले आणि घरी थोडे पाठवले की हातात मोजकेच उरतात. मुख्य म्हणजे निवासाचा परवाना या कराराशी बांधलेला. करार मोडला तर दुसरी जागा शोधायला थोडे महिने मिळतात, नाही मिळाली तर परत. पुण्यातल्या क्लासचे पैसे, विमानाचे भाडे, सुरुवातीच्या महिन्यांचा खर्च, हे सगळे कर्जाचे होते. चिपळूणला दुकान पुन्हा उभे राहिले आहे, पण निम्म्या मालावर.

रिसेप्शनचे काम बाहेरून दिसते तेवढे गोड हसण्याचे नाही. दहापर्यंत जुने पाहुणे बाहेर, तीनपासून नवे आत, आणि मधल्या वेळात कोणत्या खोलीतली कोणती खाट मोकळी झाली याचा ताळा. शाळेची सहल आली तर मुले-मुली वेगळ्या मजल्यावर, शिक्षक जिन्याजवळ. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, कुणाला वरची खाट चढवत नाही. चादर-अभ्रे मोजून द्यायचे, कारण पाहुण्याने आपली गादी आपणच घालायची असते. परदेशी पाहुण्याकडून नोंदणीचा अर्ज भरून सही घ्यायची. 1 जानेवारी 2025 पासून जर्मन नागरिकांना ही सही माफ झाली; आता ती फक्त परक्यांना. स्वतः परका असलेला मुलगा काउंटरमागून दुसऱ्या परक्यांच्या सह्या घेतो, याची गंमत त्याला पहिले दोन आठवडे वाटली. नंतर ते कामच झाले.

आणि दर आठवड्याला एक वही भरायची. या आठवड्यात काय शिकलो, कुणाच्या देखरेखीखाली, किती तास. त्यावर वरिष्ठाची सही. ही वही पूर्ण नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसू देत नाहीत. कार्निव्हलच्या आठवड्यात त्याने लिहिले, ‘गर्दीच्या काळातील चेक-इन. तक्रारी हाताळणे. हरवलेल्या वस्तूंची नोंद.’ हरवलेल्या वस्तूंत रोमन सैनिकाची ढालही होती.

रोज्याबद्दल त्याने कामावर आधी काही सांगितले नव्हते. ‘धर्माचा विषय काढू नकोस,’ असा सल्ला पुण्यात मिळाला होता. पण दुपारी दोनला सुरू होणाऱ्या पाळीत सूर्यास्त पाळीच्या बरोबर मध्यावर येतो, हे त्याला 1 मार्चला, पहिल्याच रोज्याला कळले. रोजा उघडायचा तो सूर्य मावळताना, आणि त्या वेळी काउंटर सोडता येत नव्हते. पहिल्या दिवशी त्याने एका पाहुण्याला नकाशा दाखवता दाखवता तोंड वळवून खजूर तोंडात टाकला. बी कुठे टाकावी ते कळेना, म्हणून ती गालात धरून पुढचे दहा मिनिटे बोलत राहिला. पाहुण्याला वाटले याची दाढ सुजली आहे.

पाळीप्रमुख बाईंच्या नजरेतून ते सुटले नाही. बाई पंचेचाळिशीच्या, कोलोनमध्येच जन्मलेल्या, घराणे मूळचे तुर्कस्तानचे. त्या होस्टेलमध्ये कामावर सगळे एकमेकांना एकेरीत हाक मारतात. आईच्या वयाच्या बाईला नावाने ‘तू’ म्हणायला याची जीभ महिनाभर वळत नव्हती. त्या स्वतः रोजे धरत नाहीत, तसे त्यांनी स्पष्टच सांगितले. पण त्यांचे आजोबा धरायचे. पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारांचा करार झाला 1961 च्या ऑक्टोबरमध्ये. त्यानंतर जे हजारो तुर्क कामगार आले, त्यांतले पुष्कळ कोलोनच्या फोर्ड कारखान्यात लागले. आजोबा त्यांतलेच. एका खोलीत चौघे-सहाजण, लोखंडी दुमजली खाटा, सामायिक चूल. ‘आपल्या होस्टेलसारखंच, फक्त वर्षानुवर्षांसाठी,’ बाई म्हणाल्या. यालाही ते चित्र अनोळखी नव्हते. त्याचे आजोबा बोटीवर खलाशी होते. रत्नागिरी जिल्ह्यातली किती तरी माणसे त्या काळी मुंबईत डोंगरीला जमातीच्या खोल्यांत वळकटी टाकून बोटीची वाट पाहत पडलेली असत. ट्रंक भिंतीशी, झोप पाळीपाळीने.

बाईंनी पाळीपत्रक काढले. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर अर्ध्या तासाची सुट्टी द्यावीच लागते, असा कायदा आहे. आणि ती सुट्टी पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन तुकड्यांत घेता येते, असेही त्याच कायद्यात आहे. त्यांनी पेन्सिलीने एक तुकडा सूर्यास्तावर ठेवला. उदारपणाचे कोणतेही वाक्य न बोलता. तिसऱ्या रोज्याला, त्या कार्निव्हलच्या सोमवारी, सव्वासहा झाल्यावर त्या स्वतः काउंटरवर येऊन उभ्या राहिल्या आणि मधमाश्यांना म्हणाल्या, ‘आता मी घेते.’ मागच्या चादरींच्या खोलीत, धुतलेल्या अभ्र्यांच्या थप्प्यांमध्ये बसून त्याने खजूर खाल्ले, नळाचे पाणी प्यायले, मगरिबची नमाज पढली. बाहेरून ढोलांचा आवाज येत होता. बाराव्या मिनिटाला तो पुन्हा उभा होता. तीन मिनिटे वाचवून ठेवता येतात का, असे त्याने विचारले. येत नाहीत.

इथपर्यंत सगळे बरे. पण फ्रिज राहिला.

बिअर तो ऑगस्टपासून विकतच होता. इस्लाममध्ये दारू पिणे जसे निषिद्ध तसे ती विकणेही, हे त्याला ठाऊक होते. पण बाटली स्कॅनरखाली धरायची, पैसे घ्यायचे, पावती द्यायची, त्यात विचार करायला वेळ नसे. रमजानमध्ये वेळ मिळाला. उपाशी माणसाला आपले हात काय करत आहेत ते जास्त दिसते. व्हिडिओ कॉलवर अम्मीने एकदा मागचा फ्रिज पाहिला आणि विचारले, ‘त्या बाटल्या कसल्या रे?’ तो म्हणाला, ‘पाण्याच्या.’ काही पाण्याच्या होत्याच. रोजा धरून खोटे बोललो, ही गोष्ट त्याला भुकेपेक्षा जास्त लागली. नाव छापू नये ते यासाठी.

व्यवसाय शाळेत त्याने शिक्षकांना आडवळणाने विचारले. त्यांनी वर्गात एका खटल्याची माहिती दिली. सुपरमार्केटमधल्या एका मुस्लिम कामगाराने दारूच्या बाटल्या मांडायला नकार दिला, त्याला कामावरून काढले, आणि प्रकरण जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयात गेले; निकाल 2011 मध्ये लागला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: कामगाराची अडचण खरोखर श्रद्धेची असेल तर मालकाने आधी त्याला दुसरे काम देता येते का ते पाहावे. सहज देता येत असेल तर काढता येणार नाही. देता येत नसेल, तर मात्र नोकरी जाऊ शकते. म्हणजे हक्क आहे, पण जागा किती मोठी यावर अवलंबून. दोनशे माणसांच्या दुकानात दुसरे काम निघते. रात्री रिसेप्शनवर असतात दोघे.

वर्गातल्या एका मोरोक्कोच्या मुलाने हे ऐकून खांदे उडवले. तो विकतो आणि त्याला काही वाटत नाही. पाप पिणाऱ्याचे, असे तो मानतो. पाळीप्रमुख बाई तर जेवणासोबत घेतात. चिपळूणच्या मुलाने अब्बांना फोन केला आणि यांना मात्र खरे सांगितले. अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मी इथनं काय सांगणार? तिथल्या इमामांना विचार. आणि तोवर चिडून काम सोडून येऊ नकोस.’ कर्जाचे नाव दोघांनीही काढले नाही. इमामसाहेबांनी दोन प्रश्न विचारले. यावाचून तुझे पोट चालेल का, आणि बदलून मागितलेस का? दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ होते.

मग त्याने मागितले. व्यवस्थापकांनी ऐकून घेतले आणि अर्धे दिले. रमजानपुरता फ्रिजचा गल्ला दुसऱ्याकडे. त्या बदल्यात चादरींची मोजणी आणि सकाळची हरवल्या-सापडल्याची नोंद, जी कुणालाच आवडत नाही, ती याच्याकडे. पण पेयांचा भाग अभ्यासक्रमात आहे, परीक्षेत वाइन आणि बिअरवर प्रश्न येतात, तो शिकावाच लागेल. रमजाननंतर पुन्हा बघू. शिवाय माणूस कमी पडला तर नाइलाज. तसा नाइलाज त्या महिन्यात दोनदा झाला. त्या दोन्ही रात्री त्याने बाटल्या विकल्या आणि दोन्ही तारखा स्वतःच्या डायरीत लिहून ठेवल्या. आपल्याकडचे कुणी वाचून म्हणेल, एवढे काय त्यात. आणखी कुणी म्हणेल, मुळात गेलाच कशाला. दोघांनाही त्याच्याकडे उत्तर नाही.

5 मार्चला रात्री दहाला पाळी बदलताना रात्रपाळीच्या आजीबाई आल्या, निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या. कपाळावर राखेचा पुसट क्रॉस. तो राखेचा बुधवार होता. कॅथलिक ख्रिश्चनांचा ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ त्या दिवशी सुरू होतो. सोमवारी याच बाई डोक्याला लाल पिसे लावून नाचताना त्याने पाहिल्या होत्या. आजीबाईंनी चॉकलेट आणि वाइन सोडली होती. त्यांनी त्याला तो प्रश्न विचारला जो रोजेदाराला चिपळूणलाही विचारतात आणि कोलोनलाही: ‘पाणीसुद्धा नाही?’ पाणीसुद्धा नाही, तो म्हणाला. आजीबाईंनी विचार करून सांगितले की लहानपणी त्यांच्या घरी शुक्रवारी मांस शिजत नसे, आणि गुड फ्रायडेला आई रेडिओही लावू देत नसे. हल्ली मुले फक्त मोबाइल सोडतात म्हणे. त्या रात्रीपासून दोघांची रात्रपाळी एकत्र आली की पहाटे त्या त्याला सहरीसाठी उठवत. तो झोपलेला नसे, तरीही येऊन टेबलावर टकटक करत.

मार्चमध्ये कोलोनचा दिवस झपाट्याने वाढतो. पहिला रोजा जेमतेम तेरा तासांचा होता, शेवटचा साडेचौदाच्या पुढे गेला. पेन्सिलीची खूण दर दोन-तीन दिवसांनी खाली सरकत राहिली. तरावीहची नमाज, जी रमजानमध्ये रात्री मशिदीत जमातीने पढतात, ती त्याला आठवड्यातून दोनदाच साधे. बाकी रात्री खोलीवर, एकट्याने. प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुराणात आहे. आपण प्रवासी की रहिवासी, हेही त्याने इमामसाहेबांना विचारले होते. तीन वर्षांचा करार आहे, भाडे भरतोस, तर तू रहिवासी, असे उत्तर आले. परवान्यावर अर्थात तसे लिहिलेले नाही.

29 मार्चच्या शनिवारी त्याची रात्रपाळी होती. रविवारी जर्मनीत ईद ठरलेली. आणि त्याच रात्री युरोपची घड्याळे उन्हाळ्यासाठी पुढे जाणार होती. पहाटे दोन वाजले आणि लगेच तीन झाले. ईदच्या रात्रीतला एक तास कुणी तरी उचलून नेला. आजीबाईंनी भिंतीवरचे घड्याळ स्टुलावर चढून फिरवले. संगणकाने आपले आपण बदलले. साडेसहाला सुटून त्याने तोंड धुतले, बॅगेतला इस्त्रीचा कुर्ता चादरींच्या खोलीत घातला आणि ट्रामने एरेनफेल्डला गेला. व्हेनलोअर रस्त्यावर तिथे काचेच्या आणि काँक्रीटच्या पाकळ्यांची मोठी मशीद आहे, 2018 मध्ये रीतसर उद्घाटन झालेली. आत जागा नव्हती. त्याने जिन्यावर नमाज पढली. शेजारी कोण होते, कोणत्या देशाचे, माहीत नाही. गळाभेट मात्र तिघांशी झाली.

बाहेर येऊन घरी फोन लावला. चिपळूणला दुपार होत आली होती आणि तिथे अजून रोजा चालू होता; भारतात ईद सोमवारी होती. ‘तुझी ईद, आमचा रोजा,’ अम्मी हसली. मग नेहमीचा प्रश्न आला, काय खाल्लंस? हातात आजीबाईंनी डब्यात दिलेला केक होता. अम्मीचे तोंड कोरडे दिसत होते. त्याने डबा कॅमेऱ्याच्या खाली धरला आणि म्हणाला, ‘अजून काही नाही.’ ते मात्र खरे होते.

यंदा राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आला आणि रमजानही त्याच आठवड्यात सुरू झाला. तो आता दुसऱ्या वर्षाला आहे. फ्रिजचा प्रश्न जिथे होता तिथेच आहे. या महिन्यापुरता सुटलेला, पुढच्या महिन्यात पुन्हा यायचा. पाळीपत्रकावर बाईंनी यंदा महिनाभराच्या सूर्यास्ताच्या वेळा आधीच लिहून टाकल्या आहेत. पण सप्टेंबरपासून ट्युनिशियाची एक मुलगीही शिकाऊ म्हणून आली आहे, तीही रोजे धरते, आणि काउंटर एकाच वेळी दोघांनी सोडलेले चालत नाही. म्हणून वेळांच्या पुढे आलटूनपालटून दोन नावांची आद्याक्षरे आहेत. ज्याचे अक्षर नाही त्याने काउंटरमागे एक खजूर तोंडात टाकायचा आणि पंधरा मिनिटे थांबायचे. बी टाकायला बाईंनी गल्ल्याशेजारी एक कप ठेवला आहे. काल आत जायची पाळी तिची होती.